दाखवायचं ताट

प्रिय अक्षरा,

उद्या सकाळी जावईबापू उपेंद्रराव माझं सामान न्यायला येतील, तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देईन. फोनवर हे बोलता येणार नाही. रोज दुपारी तू फोनवर 'आई, ताट दाखव' म्हणतेस आणि मी दाखवते. त्याच फोनवर हे कोणत्या तोंडाने सांगू?

ते ताट दाखवण्यापुरतंच होतं, बाळा. नाचणीचा गोळा म्हणजे आपलं रागी मुद्दे, त्यावर पातळ सारू, पालेभाजी, वाटीभर दही. फोन ठेवला की झाकून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तेच बाहेर. तुला ओळखू येऊ नये म्हणून दह्याची वाटी डावीकडून उजवीकडे. आंबलं की कोपऱ्यावरच्या गाईला. एकदा तू म्हणालीस, कालही हेच होतं ना? मी म्हटलं, एकटीसाठी रोज नवं कोण रांधणार? तू हसलीस, 'बाबा असते तर ताटच सरकवलं असतं.' मीही हसले. मग चहात टोस्ट बुडवून खाल्ला. दोन वर्षं माझं जेवण तेच आहे.

तुझे बाबा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर होते तोवर पहाटे उठून त्यांचा डबा भरायची. रात्री ते जेवले की त्यांच्याच ताटात मी बसायची. ते गेल्यावर कुकरमध्ये मूठभर तांदूळ टाकताना कसंसंच व्हायचं. मटण, अंडी मी सोडली. आपल्या घरात तसं कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. मग सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. उपास म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. जिन्यात शेजारणी विचारतात, 'ऊटा आयता, अक्का?' मी म्हणते, आयतु. झालं जेवण.

आणि लाज कशाची वाटते, तर मला हे सगळं माहीत होतं. तुझे बाबा गेल्यापासून मी वाचनालयातून पुस्तकं आणते, ते तुला ठाऊक आहे. म्हातारपणी भूक मंदावते, पण अंगाला डाळ, दूध, अंडी ही कमी नाही, उलट जास्तच लागतात. नाहीतर मांड्या झडतात, तोल जातो. बी-ट्वेल्व्ह कमी पडलं तर विसरायला होतं, पायांना मुंग्या येतात. भजनानंतर मीच बायकांना हे वाचून दाखवायची. अंबुबाई तर म्हणायची, 'आली आमची डॉक्टरीण, लपवा गं ते तळलेले बोंडे!' ती माझं ऐकून सकाळी दूध आणि भिजवलेले मूग खाऊ लागली, आता काठीशिवाय देवळात जाते. मी मात्र घरी येऊन टोस्टचा डबा उघडायची.

गेल्या रविवारी तुम्ही दोघं विराटला माझ्याकडे ठेवून बाजारात गेलात. तो चटईवर खेळत होता. त्याने हात वर केले, मी उचलून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. फ्रिजला पाठ टेकवत खाली घसरले. हात सुटले नाहीत, एवढंच. त्याला खेळ वाटला, खळखळून हसला. मी तशीच बसून राहिले. तुम्ही आलात तेव्हा तू विचारलंस, त्रास दिला का गं? मी म्हटलं, छे, शहाणं बाळ आहे.

दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. काल काय खाल्लं, त्यांनी विचारलं. सवयीने मी त्या ताटातलंच सांगितलं बघ. रक्ताचा कागद आला तेव्हा त्या म्हणाल्या, 'अक्का, तुम्ही सांगता ते जेवण या रक्तात कुठं दिसत नाही.' मान वर करवली नाही. बी-ट्वेल्व्ह फार कमी, रक्तही कमी. इंजेक्शनं सुरू केली आहेत. हल्ली मला नावं आठवत नाहीत, गॅस बंद केला का ते आठवत नाही. डोकंच चाललं असं वाटून मी तुझ्यापासून लपवत होते. त्या म्हणाल्या, त्यातलं बरंचसं खाण्याने आणि औषधाने सुधारेल, पण वेळ लागेल. चक्कर थांबेपर्यंत बाळाला उचलायचं नाही.

आज सकाळी एक अंडं उकडलं. तुझ्या बाबांच्या फोटोकडे पाठ करून, ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. चोरी केल्यासारखं वाटलं. पण ते असते तर म्हणाले असते, एकच?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्या तारखेला तू कामावर जाणार, मी तुमच्याकडे होसकोट्याला येऊन विराटला सांभाळणार, असं आपलं ठरलं आहे. मला एकटीला त्याच्याजवळ ठेवू नकोस. दुसरी बाई बघ, नाहीतर रजा वाढवून माग. तू चिडशील, चीड. तुझा भरवसा राहावा म्हणून मी स्वतःलाही त्या ताटासारखंच सजवून दाखवत होते. सामान मी बांधून दाराशी ठेवलं आहे, पण उद्या ते न देता फक्त हे पत्र पाठवते. सगळं वाचूनही मला ने म्हणालीस, तर उपेंद्ररावांना पुन्हा पाठव. मी बाळ सांभाळायला येणार नाही, तुमच्या पंगतीला बसायला येईन. एकटीला घास गिळवत नाही गं. आणि नको म्हणालीस तर सामान परत आत नेईन, पण उद्या दुपारी फोन कर. ताट दाखव म्हणू नकोस. मी जेवेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझीच, खरं सांगायला उशीर केलेली,
आई