माझे घर गाण्याच्या बाईंना

मी, या घराची मालकीण, धंद्याने शिंपीण, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. अर्धांगाच्या झटक्याने माझी वाचा गेली. बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा याच्या नेमके उलट सांगत फिरणार, हे मी जाणून आहे.

१. राहते घर गाण्याच्या बाईंना द्यावे. या बाई दवाखान्यात गाण्याने उपचार करतात. तिथे शब्द माझ्या तोंडाशी येऊन अडत. बाईंनी माझ्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरवला आणि म्हणाल्या, "बोलता येत नाही ना? मग गाऊन मागा." मी गायले, "पाणी द्या." पाणी आले, पण रडण्याच्या नादात प्यायचे राहूनच गेले. त्यांच्याकडे एक ऐकू न येणारी मुलगी पेटीला गाल टेकून सूर ओळखते. पोटच्या पोरांना न ओळखणारे एक आजोबा अख्खे गाणे म्हणतात. या सगळ्यांचा वर्ग माझ्या समोरच्या खोलीत भरावा.

२. सुनेला माझी वेताची खुर्ची. पाहुणे आले की ती मला या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसवी आणि सांगे, "त्यांना आता काही कळत नाही हो." सगळे कळत होते. तिचा नवा हार खोटा आहे, हेसुद्धा.

३. मुलाला घरात वाटा नाही. त्याने घराला गिऱ्हाईक आणले आणि "आईची काही हरकत नाही," असे ठोकून दिले. मी आतून आले आणि गायले, "घर माझं आहे, मी विकणार नाही." गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून गेले. त्यानंतर बाई घरी येऊन घेत ती माझी शिकवणी त्याने बंद केली. बाई दारात आल्या की हा सांगे, "आईला मावशीकडे धाडलंय." मी आत कोंडलेली. शेवटी खिडकीशी बसून मी गळा फाटेस्तोवर गात राहिले, "मी इथेच आहे." बाईंनी ते रस्त्यावरून ऐकले. त्या वकिलांना घेऊन आल्या आणि मुलाला बिऱ्हाड उचलावे लागले. जाताना म्हणाला, "आई, चारचौघांत शोभा केलीस." होय, केली. सुरात केली.

४. बँकेतील ठेव मुलाला मिळेल, पण अट अशी: त्याने वर्गासमोर उभे राहून माझी माफी मागावी, आणि ती गाऊन. बोलून मागितलेली माफी वकिलांनी धरू नये. बेसूर चालेल. तिथे त्याला कोणी हसणार नाही, बाईंची शिकवण तशी नाही.

हे सर्व मी गाऊन सांगितले, वकिलांनी लिहिले, मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

सही (डाव्या हाताची): घरमालकीण
साक्षीदार: १. दवाखान्यातील डॉक्टर. २. शेजारचे न्हावी.
ठिकाण: माझी समोरची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: आजचा, सोमवार, सकाळ.