माळावरची बाळंतीण

याडी, आज शाळेतल्या लेकरांना घेऊन माळावर जाऊन आले. होळी होऊन आठवडा झालाय, पळसाखाली फुलांचा सडा पडलाय आणि लेकरं वाटेतल्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या पोत्यात भरत चालली होती. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माळावर पाय ठेवला की मी आधी तुझ्या शेळ्याच शोधते. आपण घरात आपल्या बंजाऱ्यांच्या गोरमाटीत बोलायचो, मी तुला आई नाही, याडीच म्हणायचे, आणि तुला वाचताही येत नव्हतं. तरी मराठीतच लिहिते, कागदावर मला दुसरं काही लिहिता येत नाही.

मला नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. साखऱ्याच्या वाटेवरचा हाच माळ. पाझर तलावाच्या कडेची सफाई आणि मग निसर्गाची माहिती, असा शाळेचा कार्यक्रम होता. माहिती सांगायला हिंगोलीहून एक सर येणार होते, ते दहा वाजले तरी आले नाहीत. लेकरं कंटाळली. काहीतरी करून दाखवावं म्हणून मी वाळलेलं गवत आणि काटक्या एका ठिकाणी ओढायला लावल्या. जागा साफ दिसेल म्हणून ते पेटवून द्यायचं ठरवलं. तू पलीकडे शेळ्या चारत होतीस. शाळेच्या कामात येऊ नकोस असं मी तुला तोंडाने कधी म्हटलं नव्हतं, पण तू ओळखून लांबच राहायचीस. त्या दिवशी मात्र मी आगपेटी काढली आणि तू घागरा सावरत चक्क धावत आलीस.

"काडी लावू नको. हितं बाळंतीण हाय."

हेडमास्तर बघतायत, पोरं बघतायत. माझे कान तापले. काहून उगं मध्ये येतेस, असं मी दबक्या आवाजात म्हणाले. तू माझ्या हातातली आगपेटी काढून घेतलीस, कमरेला खोचलीस आणि पोरांना लांब बसवलंस. डोक्यावर एक टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. तिचा आवाज मला मघापासून येत होता, पण मी ऐकत नव्हते. गवताच्या ढिगापासून चार हातांवर तू बोट दाखवलंस. आम्हाला नुसते खडेच दिसत होते. मग एका मुलीला दिसलं, मग दुसरीला, आणि सगळ्यांत शेवटी मला. मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी.

त्यानंतर तू तासभर बोलत होतीस. टिटवी घरटं काहून बांधत न्हाई, मधमाश्या कोणत्या झाडावर आधी येतात, शेळी कोणता पाला तोंडात घेऊन टाकून देते. अंडी उंचवट्यावर घातली म्हणजे यंदा पाणी बराबर पडणार, असंही म्हणालीस. हेडमास्तर पोरांच्या मागे मांडी घालून बसले होते. मी उभीच होते, आधी रागाने, मग कशाने ते मला सांगता येत नाही. निघताना पोरांनी तो ढीग पुन्हा माळावर पसरून टाकला. मी सांगितलं नव्हतं, तूही नाही. पुढच्या पंधरवड्यात कोणी तिकडून शेळीसुद्धा जाऊ दिली नाही, आणि एक दिवस तिथे नुसती टरफलं उरली. चारही पिल्लं निघून गेली होती.

तेव्हापासून दर वर्षी मी लेकरांना नेते. आगपेटी नेत नाही. आज एकाने विचारलं, "बाई, तुमाला हे कोन शिकवलं?" माझ्या आईने, असं मी सांगितलं, आणि सांगताना बरं वाटलं.

हा कागद कुठे पाठवणार, टाचणाच्या वहीत ठेवून देते. एक मात्र तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशीचा अहवाल मीच लिहिला होता. मार्गदर्शकाच्या नावासमोर मी लिहिलं, 'तांड्यावरील एक महिला'.