न राखलेली गाठ

प्रिय मामा,

हे पत्र मी एकदम पाठवत नाही. एकेक परिच्छेद लिहून होईल तसा पाठवते आहे. का, ते शेवटी सांगेन. माझं लांबलचक लिखाण शेवटपर्यंत वाचणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो तू आहेस. विमानबांधणीच्या त्या ऑनलाइन खेळात मी नवखी असताना गटात पहिला प्रश्न विचारला, तोही प्रस्तावना आणि समारोपासकट. ढकलगाडीने, म्हणजे ज्याचं एकही विमान धावपट्टी सोडत नसे म्हणून तू ज्याचं हे बारसं केलंस त्याने, लगेच टोला हाणला होता, “बाई, विमान उडवायचंय की निबंध स्पर्धा जिंकायचीय?” तू मात्र सगळं वाचून उत्तर दिलंस, “पाठ्यपुस्तक, तुझी वाक्यं एवढी तोल सांभाळतात, मग विमानच का कोलमडतं? शेपूट तपास.” शेपूट खरोखरच जड होतं. नवख्यांची हीच चूक होते, म्हणून प्रत्येकाला तेच सांगून तू शेपूटमामा झाला होतास, आणि त्या दिवसापासून मी पाठ्यपुस्तक. मी तुला अहो-जाहो करू लागले तर डाफरलास, “मामाला कुणी अहो म्हणतं का गं?”

आज माझी तोंडी परीक्षा आहे. वर्गातल्या मुली आत-बाहेर करत आहेत, आणि मी ग्रंथालयाच्या जिन्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले आहे. मघाशी शिपाईकाका माझं नाव पुकारून गेले. मी उठले नाही. आईला कळलं तर ती म्हणेल, सूर्य पश्चिमेला उगवला. मला तोंडी परीक्षेची भीती वाटते हे तुला माहीत आहे. गटाच्या बोलायच्या खोलीत सगळे गप्पा ठोकत असतात तेव्हा मी माइक बंद ठेवून ऐकत असते, आणि तू मध्येच म्हणतोस, “पाठ्यपुस्तक मिटलेलं आहे, पण हजर आहे.” पण आज मी भीतीपोटी बसून राहिलेली नाही.

आपल्या गटाची गाठीची रीत तूच पाडलीस. आपण बनवलेलं विमान सगळ्यांसाठी खुलं करताना युक्त्या सांगायच्या, जुन्या पत्र्याचा रंग कसा साधायचा, पंख्याच्या ओढीने विमान डावीकडे कलू नये म्हणून डावा पंख किंचित लांब कसा ठेवायचा, सगळं सांगायचं. फक्त एक गाठ, म्हणजे एखादी कळीची युक्ती, राखायची. ज्याला ती सुटणार नाही तो विचारायला येईल. मी एकदा चिडून तुला लबाड म्हटलं होतं. तू हसलास. “अगं, सगळंच सांगून टाकलं तर तू परत कशाला येशील?” तुझ्या राखाडी पाणविमानाची गाठ अजून कुणाला सुटलेली नव्हती. ढकलगाडी तर म्हणायचा की मामा ती मृत्युपत्रात लिहील. तेव्हा आम्ही सगळे खो खो हसलो होतो.

तुझा हात थरथरू लागल्याचं तू मला सांगितलंस. आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, आणि काच हातातून निसटते. मालकाने गोड बोलून रजा दिली आणि मग दुकानच विकलं. त्या बंद दुकानावरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीसमोर, तू एकटा. “या खेळात बरं आहे,” तू लिहिलं होतंस, “हात हलला तरी सांधा आपोआप जागेवर बसतो.” मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. गेल्या आठवड्यात तू तुझी मांजर दुकानाशेजारच्या शिंपीणबाईंना देऊन टाकलीस, म्हणालास, तिथे ती रमते.

आज सकाळी तू तुझी सगळी विमानं खुली केलीस. प्रत्येकाच्या युक्त्या, सुबक, मुद्देसूद. गटात नुसता जल्लोष चालला होता. “मामा, तू राजा माणूस!” “मामाने खजिना लुटवला!” मी मात्र एकेक पान उघडून गाठ शोधत होते. एकाही विमानात नाही. राखाडी पाणविमानाचीही तू सोडवून ठेवली आहेस, खाली नुसतं लिहिलं आहेस, “आता विचारायला यायची गरज नाही.”

म्हणून मी आज बोलायच्या खोलीत गेले आणि माइक उघडला. माझा आवाज इतका चिरका निघाला की कुणाला ओळखूच आला नाही. मी म्हटलं, आभार थांबवा, मामा निरोप घेतो आहे. त्याचं गाव, चष्म्याचं बंद दुकान, समोरची पाण्याची टाकी, मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. ढकलगाडी म्हणाला, “टाकी आमच्या गावातली आहे. चष्म्याचं दुकान मला माहीत आहे. निघालो.” त्याने मदतीच्या क्रमांकावरही कळवलं आहे. शिंपीणबाईंनाही तो हाक मारणार आहे. मी त्याला विचारलं, मी काय करू? तो म्हणाला, “तू लिही. तुझं तो वाचतो.” मामा, हे पत्र एवढ्यासाठीच आहे, ढकलगाडी पोहोचेपर्यंत तू वाचत राहावंस म्हणून. प्रत्येक परिच्छेदाखाली ‘वाचले’ अशी खूण उमटते आहे आणि तिच्याकडे डोळे लावून मी पुढचा लिहिते आहे. सोबत एक विमान जोडलं आहे, माझं पहिलं, पूर्ण स्वतःचं. ते उडतं, पण कसं, ते तुला कळणार नाही. त्यात मी एक गाठ राखली आहे. ती तुला विचारावी लागेल, आणि मी ती फक्त तोंडी सांगेन. माझा माइक सुरू आहे. पण त्याआधी, ही ओळ वाचून होईतो दार वाजेल. बाहेर ढकलगाडी असेल, धापा टाकत. ऊठ, मामा. दार उघड.

तुझीच भाची,
जिच्याजवळ अजून एक गाठ शिल्लक आहे ती
पाठ्यपुस्तक