न वाळणारी साळुंकी

मुक्काम कलकत्ता
माघ महिना, सन १९४२

सौ. द्वारकावहिनीस, धाकट्या दिराचा, म्हणजे संतरामचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. दादाची कंबर कशी आहे, काळी गाय व्याली का, लेकराला दात आले का, ते कळवा. इकडं मी खुशाल आहे. (युसूफभाई, तुमाला सलाम. दुकान सोडून आमच्या घरी पत्र वाचून दाखवता, तकलीफ माफ. कंसातलं मोठ्यानं वाचायचं न्हाई, ते तुमच्यापुरतं.)

पुसेगावच्या सोनाजींचा निरोप पोचला. संतराम पाडव्यापर्यंत एका जागी टिकला तर लेक पार्वती देतो, न्हाईतर तिला दुसरं ठिकाण तयार आहे, असं ते म्हणाले. त्यांचं बराबर आहे. वारंगा फाट्यावरचं हॉटेल मी उकाड्यानं सोडलं, हैदराबादची गिरणी आवाजानं, आणि नागपूरची संत्र्याची वखार काहून सोडली ते आता आठवत न्हाई. पण हे काम पक्कं आहे, असं त्यांना सांगा. (पक्कं किती, ते पुढं वाचा. पार्वतीला मी एकदा पाहिलं आहे, विहिरीवर. तिनं मला न्हाई.)

आमचे बाबू पक्षी काढतात, म्हणजे कागदावर. जपानात जाऊन शिकून आलेले. कागद तिकडचाच, झाडाच्या सालीचा, हातानं केलेला; जुन्या धोतरासारखा मऊ, आणि पाणी दिसलं की पिऊन टाकतो. शाई बाटलीत न्हाई, तिची काळी कांडी असते. ती दगडी सहाणेवर पाणी घालून चंदनासारखी उगाळायची, हे माझं काम. हळू उगाळायची. जोर लावला की शाई खरबरीत होते आणि बाबू माझ्याकडं न बघता म्हणतात, "संतराम, फिर से." बाबू सकाळभर कठड्यावरच्या पक्ष्याकडं बघत बसतात आणि जेवायच्या आधी चार फटकाऱ्यांत तो काढून मोकळे होतात. बाकी कागद कोराच. दादानं एवढं रान पडीत ठेवलं असतं तर तुमी भाकर वाढली नसती. इकडं लोक त्या पडीत रानाकडंच बघून मान हलवतात.

मग लढाई लागली, जपानचा माल बंद झाला, आणि शेवटली एक कांडी उरली. बाबू म्हणाले, जपून. (सोनाजी बसलेले असतील तर इथं थांबा, चहा मागवा.) मी जपायचं ठरवलं. सरकी भिजत घालतात तशी निजताना कांडी तांब्यात भिजत घातली, म्हणजे उगाळायला मऊ. सकाळी तांब्यात कांडी न्हाई, नुसतं काळं पाणी. नासली, असं समजून मी ते मोरीत ओतलं. ती तयार शाईच होती, हे मला मोरी घासताना कळलं.

बाबू कठड्यावरची साळुंकी बघत बसले होते, म्हणजे जेवणापर्यंत सवड होती. वहिनी, तुमी लेकरासाठी काजळ धरता ते आठवलं. एरंडेलाचा दिवा लावला, वर पितळी ताट पालथं घातलं, काजळी खरवडली, आणि तुमी घालता तसं तूप घातलं. तांब्याच्या बुडाशी राहिलेलं काळं त्यात कालवलं. बाबूंनी कुंचला बुडवला, जरा थबकले, "कांडी पुरानी है," म्हणाले, आणि साळुंकी काढली. चोच, डोळा, शेपटी, सगळं झकास. तेव्हापासून ती वाळूनच राहिली आहे, पण वाळत न्हाई. तूप पसरतं, ती रोज जाडी होते. आधी साळुंकी होती, मग कावळ्यासारखी दिसू लागली, परवा तिला मुंग्या लागल्या. बाबू म्हणतात, कलकत्त्याची हवाच ओली. मी व्हय म्हणतो.

घरात ज्याला जे लागतं ते, नमस्कार किंवा पापा, माझ्या वतीनं द्या.

तुमचा, एका जागी बसलेला,
संतराम

ता. क. वहिनी, नुसती काजळी डबी भरून लवकर पाठवा. तूप नको. बाभळीचा डिंक वेगळा बांधा. (बाबूंनी नवीन चित्र धरायच्या आत आली तर मी टिकलो. न्हाईतर पाडव्याला मी आपल्या गावी, डोंगरकड्यातच.)

आणखी एक. सोबत बांबूच्या नळीत साळुंकी पाठवून राहिलो. पत्राला तेलकट डाग पडले ते तिचेच. सोनाजींना दाखवा, म्हणजे काम खरं आहे हे पटेल. ते कावळा म्हणाले तर ठासून न्हाई म्हणा, सोयरिकीत कावळा बरा न्हाई. दाखवून झाली की लगेच परत टपालात घाला; बाबूंना मी सांगितलं आहे, गच्चीवर वाळून राहिली.

शेवटचं. पार्वतीलाही दाखवा. पण बोट लावू देऊ नका. लावलंच, तर पुसू नको, डोळ्याला लाव म्हणावं. काजळ चांगलं झालंय. युसूफभाई, हे कंसात न्हाई. मोठ्यानं वाचा.