पाऊण इंचाने छोटा पंखा

बाबा,

नावेच्या मशीनचा नवा पंखा मी काढून नेलाय. घर डोक्यावर घेण्याआधी शेवटपर्यंत वाच.

तू जुना पंखा मोजून त्याच मापाचा नवा आणलास. पण खडकाला लागून पातं दुमडलं की तू त्याचं टोक कानशीने घासतोस. सात वर्षं घासून जुना पंखाच पाऊण इंच छोटा झालाय, म्हणूनच नाव हल्ली ओढत नव्हती. मशीनच्या पुस्तकात सव्वानऊ इंच लिहिलंय, तू साडेआठचा आणलास. हे सांगायला आले तर म्हणालास, "शाळेत आता बोटीपण शिकवतात वाटतं."

म्हणून काल संध्याकाळी तुझ्या नव्या पंख्यावर मी एकटीने नाव काढून बघितली. हो, न विचारता. पंखा पाणीच ढकलेना, मशीन नुसतं किंचाळत होतं आणि नाव ओहोटीबरोबर मागे मागे, पुलाच्या खांबांकडे चालली होती. कशीबशी काठाला लागले. उजवीकडचा ओरखडा त्याचाच. आईला मी स्वतः सांगेन.

अकराच्या फेरीला सहा माणसं आहेत. दुकान उघडलं की बदलून आणते, शाळेचे दोन तास बुडतील. मला उशीर झाला तर फेरी रद्द कर, पण जुना पंखा चढवू नकोस. त्याच्या एका पात्याला मुळाशी तडा गेलाय, मी नेलपॉलिशने खूण केलीय.

तो लपवणार होते. नाही लपवला, शेडमध्येच आहे. लपवला असता तर तू माझं ऐकलंस की तुझा नाइलाज झाला, हे मला कधीच कळलं नसतं.

तुझी थोरली