अब्बा आणि झाडामागचा मासा

रत्नागिरी, बुधवार, १२ मे २००४

भाईजानने कुवेतहून हौसेने विकत घेऊन पाठवलेली गेमची सीडी आजही चालली नाही. ती विंडोजची आणि माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स. संध्याकाळभर खटपट केली, उगाच चिडले. शेवटी लिनक्सबरोबर फुकट आलेला पेंग्विनचा खेळ लावला. पेंग्विनने बर्फावरून घसरत, मासे गोळा करत वेळेत खाली पोचायचं, एवढंच.

अब्बा मागे येऊन उभे राहिले. मासेमारीची होडी विकल्यापासून ते घरात धड बोलतच नाहीत. आज म्हणाले, "सरक गो जरा."

आणि दर वेळी हरले! झाडामागचा तो एक मासा दिसला की ब्रेक लावून तिकडे वळायचे. मी ओरडले, "अब्बा, सोडा तो, वेळ संपतोय!" तर माझ्यावरच डाफरले, "समोरचा मासा सोडून कोण जातो?"

मी तरी कशाला घाई करत होते त्यांना?

शेवटी झाडामागचा मासा मिळाला. वेळ केव्हाच संपला होता. अब्बांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, अगदी पूर्वीसारखी, "टोपली आण गो!"

आणि अम्मी सवयीने खरंच टोपली घेऊन बाहेर आली.