तोंड न दाखवलेला मासा

बाबा,

गेल्या रविवारी मी पोटात गरी अडकलेला मासा खाल्ला. इथं गुजरातेत आमच्या टाइलच्या कारखान्यामागं मोठं तळं आहे. सुट्टीच्या दिवशी खोलीतले पोरं अन् मी तिथं गरी टाकून बसतो. पोरं बिहारचे, भट्टीवर माह्यासंगच काम करतात. दोर ओढतानाच हाताले समजलं होतं. गरी तोंडात असली की मासा डोकं झटकत येते, अंगात अडकली की आडवा येते, ओलं पोतं ओढल्यासारखा. रोहू होता. काठावर घेतला तं गरी पोटाखालच्या पंखापाशी रुतलेली. पोरं नाचाले लागले. मी एकदा इकडंतिकडं पाह्यलं, कोणी काही विचारते काय म्हणून. कोणीच विचारलं नाही. मोहरी वाटून रस्सा केला, मी दोनदा वाढून घेतला. चांगला झालता. तेव्हापासून तुमच्याशी बोलाचं मनात घोळून राह्यलं.

पैनगंगेच्या डोहावरचा तुम्हा चौघाइचा रविवार मी मले कळते तेव्हापासून पाह्यला. तुम्ही जिनिंगातले फिटर, तुमच्यासंग टेलरकाका, एसटीतले कंडक्टरकाका अन् रिटायर झालेले तलाठीकाका. पोटासाठी मासे धरणारं त्यात कोणी नव्हतं, मुकुटबनच्या बाजारात मासा भेटतच होता. तुमची हौस होती. जिनिंगातून सरकीची ढेप आणून तुम्ही कणकेत मळत, बोटानं गोळ्या करत, अन् आई ओरडे, "माही परात म्हशीची करून ठेवली तुम्ही!" अन् डोहावर तुमचा एक नेम होता. मासा थैलीत टाकाच्या आधी त्याचं तोंड सगळ्याइले दाखवाचं. गरी ओठात असली तं मासा आपला. पोटात, शेपटीत, कल्ल्याच्या बाहेर कुठीही अडकली असली तं परत पाण्यात, कितीही मोठा असो. मी एकदा विचारलं, "एवढा मोठा काहून सोडून देल्ला?" तुम्ही म्हटलं, "गोळी खायले आला त्यानं आपल्याशी खेळ मांडला. हा आपल्या रस्त्यानं चालला होता बिचारा. वाटसराले लुटल्यासारखं होते ना राजा." तलाठीकाकाइचं मत निराळं. ते म्हणत, "फाटल्या पोटाचा सोडता तुम्ही, सांजेपर्यंत तो मरते. तुमचं मन साफ, अन् मासा फुकट गेला." दर हिवाळ्यात हाच वाद. चहा संपे, वाद संपे नाही. पण तोंड दाखवल्याबिगर तुमच्या थैलीत काही गेलं नाही.

मग ते बोंडअळीचं साल आलं. झाडाले बोंडं लटकून दिसत, उघडलं की आत किडका, पिवळा कापूस. जिनिंगासमोर गाड्याइची रांग लागे तिथं कुत्रे झोपले. मशीन बंद, अन् तुम्ही घरी. दिवसभर पंखा खोला, परत लावा, मिक्सर खोला, परत लावा. मीही घरीच होतो. शाळा सोडून यवतमाळले मोबाइलच्या दुकानात लागलो, तिथून राजूरले गेलो, तिथंही मन लागलं नाही म्हणून निघून आलो अन् घरी सांगतलं की दुकानच बंद पडलं. टेलरकाकाइकून तुम्हाले खरं कळलं. आईसमोर, बाळंतपणाले आलेल्या ताईसमोर तुम्ही म्हटलं, "मशीन बिघडलं तं मी दुरुस्त करतो. याच्या तोंडातून खरं निघतच नाही, याले काय करू?" रागानं म्हटलं असतं तं मी विसरलो असतो. तुम्ही थकून म्हटलं.

त्याच हप्त्यात ताईले न्यायले जवाई अन् तिचे सासरे येणार होते. पहिलं लेकरू, लेक सासरी जाऊन राह्यली, अन् घरात तुरीच्या दाळीबिगर वाढाले काही नाही. तुम्ही फोनवर व्याह्याइले बोलून बसले, "रविवारी डोहाचा मासा खाऊ घालतो, बाजारातला नाही!" अन् त्या रविवारी मासा गोळीले शिवेना. कंडक्टरकाका म्हणे, "मास्याइनंही संप केला काय भाऊ?" तुम्ही हसले नाही. ऊन पाण्यावरून सरकून गेलं तरी थैली कोरडीच. अन् मग तुमची काठी वाकली.

मी तुमच्या बाजूलेच होतो. मासा आडवा येऊन राह्यला. तुम्हाले समजलं, मलेही समजलं. कटला आहे, चांगला भरलेला. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरता, सगळ्याइकडं पाठ करता, गरी काढता अन् मासा सरळ थैलीत टाकता. तुमचे हात घाई करून राह्यले, असे हात मी तुमचे कधी पाह्यले नव्हते. अन् मी मोठ्यानं म्हणतो, "बाबा, तोंड नाही दाखवलं."

"हाव ना, तिकीट दाखवा भाऊ!" कंडक्टरकाका हसतात. "स्टाफ असला म्हणून काय झालं?"

"पोरगं बापाच्या वर निघालं," टेलरकाका म्हणतात.

तुम्ही वळता. थैलीतून मासा काढून दोन्ही हातावर धरता. ओठ साबूत. पोटाची चीर सगळ्याइले दिसते. हसणं तिथंच थांबलं. तलाठीकाकाच म्हणाले, "असू द्या हो. मरणारच आहे तो. घरी पाहुणे येऊन राह्यले, घेऊन जा." तुम्ही माह्याकडं पाह्यलं. त्यांच्याकडं नाही, माह्याकडं. मी फक्त मान हलवली असती तरी झालं असतं. मी माह्या चपलेकडं पाहत राह्यलो. मग तुम्ही खाली वाकून मासा सोडला. तो कलंडला, पांढरं पोट वर आलं, अन् धारेसंग हळूहळू गेला. वळणापर्यंत आपण सगळे त्याच्याकडं पाहून राह्यलो, कारण एकमेकाइकडं पाहता येत नव्हतं.

मोटरसायकलवर मी मागं बसलो होतो. तुम्ही पुढं पाहतच म्हटलं, "बोलाचंच होतं तं डोहावर कायले बोलला? घरी बोलाचं होतं ना."

मी म्हटलं, "नेम तुमचाच आहे."

घरी पाहुणे येऊन बसले होते. आईनं वांग्याची भाजी अन् पिठलं वाढलं. ताईचे सासरे म्हणाले, "काय व्याही, डोह आटला काय?" तुम्ही म्हटलं, "डोह भरला आहे, आमचाच हात आटला," अन् त्याइच्या ताटात अजून एक भाकर टाकली. माहं नाव तुम्ही काढलं नाही. पण त्याच्यानंतर डोहावर गेले नाही. काठ्या टेलरकाकाइले देऊन टाकल्या. आईले सांगतलं, पाण्यानं गुडघे दुखतात. पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेले.

तुमच्या तेरवीले टेलरकाकाइनं हा किस्सा मांडवात सांगतला, डोळे पुसत पुसत. "बाप तसा लेक. सख्ख्या बापालेही नेमातून सुटू देल्लं नाही." लोकं येऊन माह्या पाठीवर हात ठेवून गेले. गावात माहं चांगलं नाव आहे ते एवढंच, अन् ते तुमची मान खाली घालून कमावलेलं. नेमासाठी मी बोललोच नव्हतो, बाबा. मासा टेलरकाकाचा असता तं मी गप राह्यलो असतो. तुम्ही मले खोटारडा म्हटलं होतं, अन् मले एकदा तुम्हाले खोटं पकडाचं होतं, चार माणसाइत. पोट फाटलेला मासा हाती आला की त्याचं काय करावं, तुम्ही खरे की तलाठीकाका, हे मले अजून समजत नाही. पण ते दोघं माशाचा विचार तरी करत होते. मी केला नव्हता.

काल ताईचा फोन आलता. टेलरकाकाइनं आता तिले पूर्ण किस्सा सांगतला, तो मासा कोणत्या रविवारचा होता ते.

"तो मासा माह्या सासऱ्याइसाठी होता म्हणे?"

"हो."

"अन् तुनं सोडाले लावला?"

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"बरंच केलं रे," ती म्हणे. "आम्ही खाऊन विसरलो असतो. बाबाइचं मन मात्र त्याइले खात राह्यलं असतं. तुनं वाचवलं त्याइले."

मी म्हटलं, "हो, म्हणूनच बोललो मी."

हे खरं कोणाले पाठवाचंच असतं तं ताईचा पत्ता मले पाठ आहे. तुम्हाले लिहून राह्यलो, कारण तुम्ही वाचून फोन करणार नाही.